साळपूड

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला मी भाषाशास्त्र घेतलं, तेव्हा आमच्या गुंजवण्यात त्याची बातमी अशी पोचली की रखमाजीचं पोरगं पुण्याला बोलायला शिकतंय. पारावरच्या गेनूतात्यांनी सगळ्यांदेखत मला हाक मारली. "का रं नाथा, हितं असताना मुका व्हतास व्हय?" सगळे हसले, मीही हसलो. तात्यांना काय ठाऊक, की त्यांच्या त्या 'व्हय'ची मी मनातल्या मनात नोंद करत होतो. तेव्हा मला माणसं दिसतच नव्हती, नुसते शब्द दिसायचे. त्यापायी माझ्या आईचं घर गेलं. ते कसं गेलं तेवढंच मला सांगायचं आहे, आणि सांगताना मी स्वतःची बाजू घेणार नाही.

सन एकोणीसशे चाळीस. वर्गात भाषाशास्त्र घेतलेले आम्ही तिघंच. बाकीचे दोघे वकिलांचे मुलगे, लहानपणापासून संस्कृत घोकलेले. मी नसरापूरपर्यंत पायी आणि पुढं सर्व्हिस मोटारीच्या टपावर बसून आलेला. पहिली दोन वर्षं मी वर्गात तोंड उघडलं नव्हतं, कारण उघडलं की मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसायचं. पण भाषाशास्त्राच्या प्रोफेसरांना नेमकं माझं तोंडच हवं होतं. त्या दोघांची भाषा पुस्तकातली, माझी जिभेवरची. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या गावंढळपणाला कुणीतरी मान दिला आणि मी फुगलो.

प्रोफेसर माणूस चांगला होता, हे आधीच सांगतो. शिकवायचे तर असे, की तास संपल्यावर आम्ही तिघं जिन्यात उभे राहून क, ख, ग म्हणत आपापल्या गळ्याला हात लावून बघायचो. ते म्हणायचे, शब्दाचं आणि वस्तूचं काही नातं नसतं. गाईला गाय म्हणतात ते सगळे म्हणतात म्हणून. उद्या सगळ्यांनी मिळून तिला खुर्ची म्हणायचं ठरवलं, तरी ती दूध तेवढंच देईल. शब्द म्हणजे तोंडातून सुटलेला वारा. मला हे इतकं पटलं की सुट्टीत घरी गेल्यावर मी आमच्या कपिलेला आठवडाभर खुर्ची म्हणत होतो. आई म्हणाली, "पोरगं बिघडलं."

श्रावणात एके दिवशी वर्गात भाताचे शब्द चालले होते. साळ, तूस, कणी, असं फळ्यावर लिहून प्रोफेसरांनी विचारलं, "आणि तांदूळ सडताना जी बारीक पूड निघते, कोंबड्यांना घालतात ती?" ते दोघे एकदम म्हणाले, "कोंडा." मी म्हणालो, "साळपूड."

प्रोफेसरांचा खडू थांबला. "काय म्हणालात?"

मी शरमलो. गावातले सगळे कोंडाच म्हणतात, पण आमच्या घरी साळपूड म्हणतात, असं मी सांगितलं. ते तास अर्धा सोडून ग्रंथालयात गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. एकाही कोशात हा शब्द नव्हता. हा शब्द तुमच्या घरात आला कुठून, तो कुठल्या गावापर्यंत बोलतात, त्याची शीव कुठली, हे शोधून काढा, त्यावर निबंध लिहा. नीट झाला तर एम.ए.ला मी तुम्हांला माझ्या हाताखाली घेतो, असं ते म्हणाले. त्या दिवशी मी जेवलो नाही. भूकच लागली नाही.

शब्द आईचा, हे उघड होतं. आईचं, सोजराबाईचं, माहेर सारोळ्याकडचं, नीरेच्या काठचं. एकोणीसशे अठराच्या मानमोडीच्या साथीत तिची सगळी माणसं गेली, म्हणून आम्हांला ना आजोळ, ना मामा. एवढंच आम्हां भावंडांना माहीत होतं, आणि जे माहीत आहे ते पुरेसं आहे असं मला वाटायचं.

माझी हुशारीही सांगून टाकतो. बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, नावाशी जुळणारे शब्दसुद्धा टाळतात. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. माझ्या बापाचं नाव रखमाजी, म्हणून आई 'राख' कधी म्हणायची नाही. 'चुलीतलं पांढरं' म्हणायची. शेताची राखणसुद्धा तिच्या तोंडी 'जपणूक' असायची. असे शब्द बोलीतले म्हणून धरायचे नाहीत, ते एका बाईपुरते असतात, हे मी आपण होऊन प्रोफेसरांना सांगितलं. त्यांनी माझी पाठ थोपटली. कोंडा आणि रखमाजी यांचा काही संबंध लागत नव्हता, तेव्हा साळपूड खरा शब्द ठरला. इतका मी हुशार.

दिवाळीच्या सुट्टीत मी कार्डांचा गठ्ठा घेऊन निघालो. प्रत्येक कार्डावर शब्द, बोलणाऱ्याचं नाव, गाव, वय. पहिलं कार्ड आईचं होतं, मीच भरलेलं. सारोळ्याला दोन दिवस काढले. दारोदार जाऊन तांदूळ सडल्यावर काय निघतं म्हणून विचारायचो, आणि सगळीकडून कोंडा. एका बाईनं मला सरकारी माणूस समजून सूप पदराखाली घेतलं. "आता कोंड्यावर बी पट्टी बसवनार व्हय?" म्हणाली. तिथून परतताना वाटेवरची गावं केली, मग मार्गासनीपर्यंतची केली. एकोणीस गावं झाली. एकोणीस गावांत कोंडा.

मला शंका यायला हवी होती. शंका आली ती सारोळेकरांबद्दल. म्हटलं, यांनी जुना शब्द टाकला असेल.

भोरच्या बाजारात शेवटी धागा लागला. तांदळाच्या पाटीशी बसलेली एक बाई शब्द ऐकून हसली. "साळपूड? आमच्या वरल्या गावात फुलाबाई म्हनून म्हातारी हाय, ती म्हनती. बाकी कुनी न्हाई म्हनत." ते गाव नीरेच्या वरच्या खोऱ्यात, डोंगरात. त्याचं नाव मी लिहीत नाही. नावं घेऊन झाली तेवढी पुरे झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी फुलाबाईच्या अंगणात उभा होतो. म्हातारीच्या डोळ्यांवर सारा चढून दिसेनासं झालं होतं, तरी हात सुपात सरावानं चालले होते. मी तिच्या पुढ्यातल्या ढिगाला बोट लावून विचारलं, "आजी, याला काय म्हणता?"

"साळपूड म्हनते म्या."

मी उडीच मारायची बाकी होतो. "माझी आई पण हेच म्हणते!"

सूप थांबलं. "कोन तुझी आई?"

मी झोळीतून पहिलं कार्ड काढलं आणि वर्गात वाचावं तसं खणखणीत वाचलं. "सोजराबाई रखमाजी, गाव गुंजवणे, वय अदमासे चाळीस."

म्हातारीनं सूप खाली ठेवलं. मग हळूच म्हणाली, "तिचं डावं मनगट वाकडं हाय का रं?"

"हो! लहानपणी पडली होती ती. तुम्हांला कसं ठाऊक?"

"जिती हाय?"

हा काय प्रश्न, असं मला वाटलं. "चांगली धडधाकट आहे," मी म्हणालो. फुलाबाई रडायला लागली. आवाज न करता, नुसते गाल ओले होत होते. मला मनापासून आनंद झाला. मला वाटलं, मानमोडीतून वाचलेलं आईचं कुणीतरी आपल्याला सापडलं. शब्दाचा माग काढता काढता मी आईला तिचं माहेर परत देणार, असं माझ्या मनात आलं. "तुम्ही आईच्या माहेरच्या का, आजी?"

"व्हय, व्हय. म्हायेरचीच." तिनं चाचपडत माझा हात धरला. "लेकरा, तू आता जा. लौकर जा. हितं कुनापाशी तिचं नाव काढू नगंस. माझ्या गळ्याची आन हाय तुला."

मी उठलो तोवर परड्याकडच्या दारात एक माणूस गवताचा भारा डोक्यावर घेऊन उभा होता. साठीच्या आसपासचा, गाल बसलेले. किती वेळ उभा होता कोण जाणे. "कुनाची आई?" त्यानं विचारलं. "गाव कंचं म्हनालास?"

म्हातारी म्हणाली, "कुनी न्हाई, वाटंचा मानूस हाय." आणि मी, शिकलेला, विचारणाऱ्याला नीट उत्तर द्यावं म्हणून कार्ड पुन्हा वाचून दाखवलं. नावासकट, गावासकट.

त्यानं भारा खाली टाकला आणि त्याच्यावरच बसला. तेवढ्यात बाहेरून कुणीतरी त्याला हाक मारली, "कोंडिबा, हायेस का रं घरात?"

मी गाव सोडून खिंडीच्या वाटेला लागलो. पाव कोस गेलो असेन. मग मध्येच थांबलो. कोंडिबा. कोंडा. आई कोंबड्या कोंडत नाही, 'झाकते'. आमच्या नदीतल्या खोल पाण्याला सगळं गाव कोंड म्हणतं, आई 'खोलवा' म्हणते. हे तिन्ही शब्द माझ्या गठ्ठ्यात होते, तीन वेगळ्या कार्डांवर, माझ्या सुवाच्य अक्षरात. त्यांना मी एकमेकांशेजारी कधी ठेवलंच नव्हतं. कारण ज्या नावामुळं बाई शब्द टाळते ते नाव माझ्या बापाचंच असणार, दुसरं असूच शकत नाही, हे मी धरून चाललो होतो. आणि फुलाबाई माहेरची कुणी नव्हे, कोंडिबाची आई असणार; गेलेल्या सुनेचा शब्द तिनं तोंडी जपला होता. मी वाटेच्या कडेला बसलो आणि लहान पोरासारखा रडलो.

घरी जाऊन आईपुढं उभं राहायची हिंमत झाली नाही. बाप खळ्यावर भात झोडत होता, तिथं गेलो आणि सगळं सांगितलं. मला मार हवा होता. बापानं मारलं नाही. हातातली पेंढी खाली ठेवून म्हणाला, "बावीस वर्सं जपलं व्हतं रं." आणि मग माझ्याकडे न बघता त्यानं मला माझ्या आईची गोष्ट सांगितली.

कोंडिबा दारू पिऊन मारायचा. मुसळ घालून त्यानं तिचं मनगट मोडलं, त्या दिवशी ती पाण्याला म्हणून गेली, घागर नदीच्या काठावर ठेवली आणि डोंगर चढून अलीकडं आली. गावानं समजायचं ते समजावं म्हणून घागर. मानमोडीचे दिवस होते. आमच्या घरात माझी आजी आणि बापाची पहिली बायको दोघी अंथरुणाला खिळलेल्या, पाणी द्यायला माणूस नव्हतं. अनोळखी बाई दारात आली आणि न विचारता पाणी द्यायला लागली. आजी वाचली, बापाची बायको गेली. पुढं बापानं तिच्याशी पाट लावला, आणि गावाला सांगितलं की विधवा आहे, सारोळ्याची आहे.

"ती आजून त्याचं नाव टाळती, हे मला बी ठावं न्हवतं," बाप म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, दुखावल्यासारखा होता तो. मला वाटलं, एका दिवसात मी दोघांचाही संसार मोडला.

आईला बापानंच सांगितलं. त्यानंतर आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. भाकरी वाढायची, पाणी ठेवायची. मी माफी मागायला तोंड उघडलं की उठून परड्यात जायची. त्या आठ दिवसांत मी प्रोफेसरांना पत्र लिहिलं, की साळपूड हा कुठल्याही बोलीतला शब्द नाही, एका बाईनं पहिल्या नवऱ्याचं नाव टाळण्यासाठी वापरलेला आहे, तेव्हा निबंध होणार नाही. आणि मी काय करू, असंही शेवटी लिहिलं. ते मी विद्यार्थी म्हणून विचारलं नव्हतं. परतटपालानं कार्ड आलं. 'फारच उत्तम. नामनिषेधाचे असे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. निबंध आता अधिक मोलाचा होईल. सदर स्त्रीच्या पहिल्या विवाहाची सविस्तर माहिती घ्यावी.' त्यांचा काही दोष नाही. त्यांनाही शब्दच दिसत होते.

नवव्या दिवशी कोंडिबा आला. बरोबर आमच्या जातीचे पंच होते, आणि गाडीत फुलाबाई. भोरवरून एवढा वळसा घालून तिला आणायची गरज नव्हती, पण तिनं हट्ट धरला म्हणे. सगळे आमच्या अंगणात बसले. कुंपणाबाहेर गाव उभं राहिलं. पंचांत वडीलधारे मार्गासनीचे सावळारामबाबा. त्यांनी आधी कोंडिबाला बोलायला लावलं.

कोंडिबा उभा राहिला. "बावीस वर्सं म्या खुनी म्हनून जगलो," तो म्हणाला. "हिची घागर घावली, ही न्हाई घावली. समदे म्हनले ह्येनं मारून टाकली. मला पुन्यांदा कुनी बायकू दिली न्हाई. पानवठ्यावं गेलो तर बाया पोरास्नी जवळ वढतात. मला पैका नगं. काडीमोड बी देनार न्हाई. काडीमोड दिली तर लोक म्हनतील, कुनी बी बाई उबी केली आन् सुटला. ही माझ्या दारात दिसली पायजे. येवढंच."

"हिचा हात कुनी मोडला?" सावळारामबाबांनी विचारलं.

"म्या," कोंडिबा म्हणाला. मान खाली घालून म्हणाला, पण म्हणाला. मला त्याचा मनासारखा रागसुद्धा करता येईना.

मग बाप उभा राहिला. "ह्या घरात हिनं दोन लेकरं वाडवली," तो म्हणाला. "माझी आई हिच्या मांडीवं गेली. मला दुसरं काय बोलायचं न्हाई. वाळीत टाकायचं तर टाका." यावर पंचांपैकी कुणीतरी म्हणालं, वाळीत टाकलं तर तुझी लेकही परत येईल. माझी धाकटी बहीण बना दोन वर्षांपूर्वीच सासरी गेली होती. बाप खाली बसला.

सावळारामबाबांनी आईला पुढं बोलावलं. आई डोक्यावरून पदर घेऊन अंगणाच्या मधोमध उभी राहिली. बाबा म्हणाले, "बाय, भांडन काय मिटनार न्हाई. त्येवा असं करू. दादल्याचं नाव बाईमानूस घेत न्हाई. हितं दोन गडी हायेत. जो तुझा दादला न्हवं, त्येचं नाव तुला घेता यील. ह्या कोंडिबाचं नाव घे, पाच जनांत, येकदाच. घेतलंस की तू ह्येची न्हवंस. मोकळी झालीस. मग पुना कुनी काय बोलनार न्हाई, हा माझा शबूद."

अंगणात कुजबुज झाली. कोंडिबानं वर बघितलं, पण पंचांपुढं बोलला नाही. म्हातारा आईला वाट करून देत होता! बापालाही ते कळलं, तो पुढं सरकून बसला. मला वाटलं, सुटलो. एक नाव. तीन अक्षरं. क म्हणजे जिभेचं मूळ टाळूला टेकतं आणि सुटतं. त्याच्यापुढं थोडा नाकातला स्वर, मग ड, मग ओठ मिटून ब. मला वर्गात शिकवलं होतं हे. शब्द म्हणजे वारा, त्याचं वस्तूशी नातं नाही, त्यानं कुणी मरत नाही, हे आईला ओरडून सांगावंसं वाटलं.

आईनं मान वर केली. तिनं कोंडिबाकडे बघितलं, मग त्याच्या मागं बसलेल्या फुलाबाईकडे. फुलाबाईला दिसत नव्हतं, पण अंगण गप्प झालं यावरून तिला कळलं. ती हात पुढं करून म्हणाली, "घे गं सोजरा. घे नाव. त्येचं काय व्हायाचं ते हूं दे. लई सोसलंस तू. घे माझे बाय."

म्हातारीनं असं म्हणायला नको होतं. तिनं शिव्या दिल्या असत्या, तळतळाट केला असता, तर आईनं नाव घेतलं असतं असं मला आजही वाटतं. आईचे ओठ उघडले. घशाशी काहीतरी हललं, ते मला दिसलं. सगळं अंगण त्या एका अक्षरासाठी थांबलं होतं. आई तशीच उभी राहिली. मग तिनं ओठ मिटले, फुलाबाईपाशी गेली, खाली बसली आणि म्हातारीच्या मांडीवर डोकं ठेवलं.

"न्हाई घेववत, आत्याबाई," ती म्हणाली. "तुमचा येकच हाय."

सावळारामबाबांनी पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं. "म्या वाट दिली व्हती," ते बापाला म्हणाले. "आता माझ्या हातात काय न्हाई." बाप म्हणाला, "मग माझं बी नाव घ्यायला सांगा तिला. ते तरी घेती का बघा." दोघांचं नाव घेत नाही, तेव्हा पहिला तो नवरा, असं ठरलं. बाप पुन्हा म्हणाला वाळीत टाका. आई आतून लुगड्याचं गाठोडं बांधून बाहेर आली होती. "बनाला उद्या दारात आनून सोडतील," ती त्याला म्हणाली. "माझ्यापायी तिचं नगं." बावीस वर्षांच्या संसाराचं तेवढंच बोलणं झालं. बाप परड्याकडं निघून गेला, आणि ती गेली तरी बाहेर आला नाही.

गाडी वेशीपाशी उभी होती. मी आईचं गाठोडं घेऊन मागून चाललो होतो. कोंडिबा पुढं बैलांपाशी होता, फुलाबाई आत बसलेली. नऊ दिवस जे बोलता आलं नव्हतं ते सगळं बोलायचं होतं. माफ कर म्हणायचं होतं. पण माझ्या तोंडून निघालं ते भलतंच.

"आये, नाव का न्हाई घेतलंस?"

आईनं माझ्या हातातून गाठोडं घेतलं. नऊ दिवसांत पहिल्यांदा तिनं माझ्याकडे नीट बघितलं. डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर मला तो धरून राहता आलं असतं.

"आता इचारतोस व्हय," ती म्हणाली. "आता समद्यास्नी ठावं झालं. मला इचारलं असतंस तर तुला येकट्याला सांगितलं असतं म्या. गावोगाव कशापायी इचारीत हिंडलास, नाथा? म्या तर घरातच व्हते."